आजीची गोष्ट आणि छापील यादी

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया प्रांतीं जर्मन वंशाच्या घराण्यांतून एक कथा हटकून ऐकूं येते. तिघे भाऊ एकाच जहाजानें आले. एक किनाऱ्यालगत राहिला, दुसरा पश्चिमेकडे गेला, तिसऱ्याचा पत्ता लागला नाहीं. ह्या कथेस हंसणारे कुलसंशोधक पुष्कळ आहेत. त्यांचें हंसूं आम्हांस अस्थानीं वाटतें. कारण आजीची गोष्ट टाकून हे जी वंशावळ उभी करतात, ती पुष्कळदां त्या गोष्टीहूनही काल्पनिक असते.

१७२७ पासून फिलाडेल्फियास उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून इंग्लंडच्या राजाशीं एकनिष्ठतेची शपथ घेवविली जाई. त्या याद्या स्ट्रासबर्गर व हिंके यांनीं १९३४ सालीं छापून काढल्या. ग्रंथ अमोल आहे. पण त्याचा उपयोग कसा होतो? घराण्याचें आडनांव म्युलर. यादींत योहान म्युलर सांपडला. झालें, मूळ पुरुष मिळाला! अहो, त्या काळीं एकाच घरांतल्या सगळ्या मुलग्यांचें पहिलें नांव योहान असे आणि हाक दुसऱ्याच नांवानें मारीत, त्याची वाट काय? ज्यास लिहितां येत नसे त्याचें नांव इंग्रज कारकून आपल्या कानास वाटेल तसें लिही. बायकांच्या व सोळा वर्षांखालील मुलांच्या सह्या नाहींतच. शिवाय १६८३ सालीं येऊन जर्मनटाऊन वसविणारीं क्रेफेल्डचीं तेरा कुटुंबें, किंवा १७१० सालीं न्यूयॉर्कास उतरलेले पॅलाटिनेटचे निर्वासित, ह्या याद्यांत शोधणेंच व्यर्थ.

राजवाड्यांनीं आम्हांस बखरीहून अस्सल पत्रास मान द्यावयास शिकविलें, तें योग्यच. पण अस्सल कागद दुसऱ्याच माणसाचा असला तर?

आजीचे तिघे भाऊ खोटे असतील. परंतु ती एखाद्या गांवाचें मोडकेंतोडकें नांव घेत असेल, तर त्या उच्चाराचा माग काढून तेथील चर्चची बाप्तिस्म्याची वही पाहावी. पूर्वजाचें मृत्युपत्र उपलब्ध असल्यास त्यावरील सही वरील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांतील सह्यांच्या प्रतिकृतींशीं ताडावी. त्याच्या मुलांच्या बाप्तिस्म्यास धर्मपिता म्हणून कोण उभा राहिला, शेजारची जमीन कोणाची होती, हें शोधावें; एका गांवचे लोक पुष्कळदां परमुलखांतही एकमेकांजवळच वस्ती करीत. हें काम वर्षानुवर्षांचें आहे, आणि यादींत बोट ठेवणें एका सायंकाळचें.

बरें, ज्या योहानावर बोट ठेविलें त्याचीं खरीं नातवंडें-पणतवंडें कोठेंतरी असतील. त्यांचा आजा ह्यांनीं परभारें पळविला, आणि स्वतःचा खरा पूर्वज मात्र कायमचा गमावला. इतके सायास करूनही धागा न जुळल्यास वंशवृक्षाच्या मुळाशीं कोरी जागा ठेवण्यास ह्या मंडळींस कसली लाज वाटते, तें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.