सरासरी मंदावली, तरी बिघडले काय?

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. आता शहरातल्या शर्यतींत कंपन्यांचे संघही उतरतात आणि संघाची सरासरी वेळ कार्यालयात मिरवली जाते. ही सरासरी फसवी असते. समजा, दहा सराईतांनी १० किलोमीटर ५० मिनिटांत कापले. पुढच्या वर्षी दहा नवखे सोबत आले आणि ८० मिनिटांत पोहोचले, तर सरासरी ६५ होते. धावणारे दुप्पट झाले, तरी संघ ‘मंदावला’ ठरतो! नाव नोंदवून न आलेले, अर्ध्यात थांबलेले तर त्यात नसतातच.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तेव्हा सदाशिव पेठेतल्या कार्यालयांनी नवखे किती आले आणि शर्यतीनंतरही किती जण धावत राहिले, हे आधी मोजावे.