फसलेल्यांना हसणारे

म्हातारी माणसे लोभी असतात म्हणून फसतात, असे एक सोयीचे वाक्य हल्ली घरोघर ऐकू येते. आरोग्य विम्याच्या नावाखाली कोणा निवृत्त कारकुनाला फोनवरून गंडवल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, चहाबरोबर ती मोठ्याने वाचली जाते, आणि लगेच शेरा पडतो, "या वयातही हाव सुटत नाही, दुसरे काय!" शेरा मारणारा मनुष्य शिकलेला असतो, मिळवता असतो, आणि कोणाचा तरी मुलगा असतो. त्याचे हे वाक्य साफ खोटे आहे, असे मला सांगायचे आहे. फराळाच्या ताटावर हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. पण सगळे कुटुंब एका छपराखाली जमते असे वर्षातून चारच दिवस असतात. मग हे बोलायचे केव्हा?

लोभ कशाचा हो? पंचाहत्तरीच्या माणसाला आरोग्य विमा हवा असतो तो काही माडी चढवण्यासाठी नव्हे. त्याला भीती असते. मरणाची नव्हे, तिच्याशी त्याने केव्हाच समेट केलेला असतो. भीती असते ती अंथरुणाला खिळण्याची. आपल्या दुखण्यापायी मुलाला कर्ज काढावे लागेल, सुनेच्या पाटल्या मोडाव्या लागतील, आणि कोणी तोंडाने बोलले नाही तरी सगळ्यांच्या डोळ्यांत ते दिसेल, याची भीती. फोनवरचा भामटा ही भीती ओळखून असतो. तो नफ्याचे गाजर दाखवतोच असे नाही. "काका, तुमचा विमा परवा बंद पडतोय. मग काकूंच्या दुखण्याचा खर्च कोण देणार?" एवढेच तो विचारतो. ज्याला आपण हाव म्हणतो तो खरे म्हणजे घरावर ओझे न होण्याचा आटापिटा असतो.

आमच्या गावात कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. हिशेबाला चोख, आयुष्यात कोणाचा चहा फुकट न प्यालेले. त्यांचा विम्याचा वार्षिक हप्ता भरायचा दिवस जवळ आला, आणि नेमका फोन आला. पलीकडच्याला त्यांचे नाव ठाऊक, विमापत्राचा क्रमांक ठाऊक, हप्त्याची रक्कमही ठाऊक. आजच्या आज भरलेत तर मोठी सूट, म्हणून सांगितले. त्यांनी सांगितलेल्या खात्यावर पैसे भरले. शिक्क्यासह सुबक पावती मोबाइलवर आली. आठ दिवसांत त्यांना संशय आला, कारण तो क्रमांक लागेनासा झाला. आता नीट ऐका. वार्षिक हप्ता चुकला तरी आरोग्य विम्याला तीस दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत खऱ्या कंपनीकडे पैसे भरले असते तर विमा पुढे चालू राहिला असता. हातात अजून बावीस दिवस होते. पण गृहस्थ घरात कोणाला बोलले नाहीत. मुलगा काय म्हणेल, या विचाराने ते रोज रात्री कूस बदलत राहिले आणि तीस दिवस निघून गेले. पुढे बाई न्हाणीत पडल्या, खुब्याचे हाड मोडले, तेव्हा इस्पितळाच्या खिडकीवर सगळ्या घराला ते कळले.

भामट्याने त्यांचा एक हप्ता चोरला. त्यांचा विमा मात्र चोराने नेला नाही; तो घरातल्या बोलण्याच्या धाकाने बुडाला. इतक्या वर्षांची पुण्याईही गेली. नवा विमा घ्यायचा तर जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवण्याची मुभा कंपनीला असते, आणि ते थांबणे पुन्हा पहिल्यापासून.

ही माणसे इतक्या चटकन विश्वास का ठेवतात, असे विचारणाऱ्याला थोडा इतिहास ठाऊक असायला हवा. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. (याच चिंतामणरावांनी त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. तो भाग वेगळा, पण मराठी माणसाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.) १९७३ पासून बाकीचा विमाही सरकारी झाला, आणि १९८६ मध्ये या सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. खाजगी कंपन्यांना दार उघडले ते १९९९ च्या कायद्यानंतर. म्हणजे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसाची उमेदीची सगळी वर्षे विमा म्हणजे सरकार, आणि विम्याचा माणूस म्हणजे आळीतला ओळखीचा गृहस्थ, याच समजुतीत गेली. अशा माणसाला कोणी "मी विमा प्राधिकरणातून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, सोडवायला शुल्क भरा" म्हणाला की त्याच्या कानांना ते सरकार वाटते. त्या प्राधिकरणाचे काम कंपन्यांवर देखरेख करण्याचे. ते कोणाला विमा विकत नाही, बोनस वाटत नाही, तसे त्याने वारंवार जाहीरही केले आहे. पण ही जाहिरात वाचून दाखवायला घरात कोण बसले आहे?

आता खऱ्या कंपन्यांचे पाहू. भामट्याला त्यांनी जितकी मदत केली आहे तितकी कोणी केली नसेल. दुपारी वामकुक्षीच्या वेळी फोन करायचा, घाई करायची, "ही संधी आजच" म्हणायचे, अर्धे इंग्रजी अर्धे हिंदी बोलायचे. चोर याहून वेगळे काय करतो? खरा आणि खोटा एकाच सुरात बोलू लागले तर ऐकणाऱ्याने ओळखावे कसे? हातात पडते ते बारीक टाइपातले इंग्रजी बाड. विम्याचा सारांश सोप्या भाषेत द्यावा, ग्राहकाने मागितल्यास त्याच्या भाषेत द्यावा, असा नियम आहे. असा मराठी कागद मागून पाहा आणि समोरच्याची मुद्रा पाहा! काही दलाल तर "काका, साखरेचे फॉर्मात लिहू नका, हप्ता वाढेल" असा सल्ला देतात. हाही भामटाच, फक्त याच्याकडे परवाना आहे. दलाली मिळते ती त्याला, आणि पुढे माहिती लपवली म्हणून दावा नाकारला जातो तो काकांचा.

परंतु माझा खरा राग आहे तो आपल्यावर, म्हणजे मिळवत्या पिढीवर. आपण वडिलांना महागडा मोबाइल घेऊन देतो आणि तो शिकवायला दहा मिनिटे बसत नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले की "बाबा, परवाच सांगितले ना!" तिसऱ्यांदा ते विचारीत नाहीत. मी वर्गात हे रोज पाहतो. ज्या पोराच्या प्रश्नाला सगळे हसले, ते पोर पुन्हा हात वर करीत नाही. चूक मग एकदम परीक्षेच्या कागदावर दिसते. तो भामटा मात्र अर्धा तास "काका, काका" करीत शांतपणे बोलतो, काकूंच्या गुडघ्याची चौकशी करतो. एवढा वेळ त्यांच्याशी आपण मागे केव्हा बोललो होतो?

मग वडीलधाऱ्यांची काहीच जबाबदारी नाही काय? आहे. फोन मध्येच ठेवणे म्हणजे उद्धटपणा, हा संस्कार त्यांनी आता बाजूला ठेवावा. आलेल्या फोनवर पैशाचा व्यवहार करूच नये. फोन ठेवून विमापत्रावर छापलेल्या क्रमांकावर आपण उलट फोन करावा. हप्ता भरावा तो कंपनीच्या नावाच्या धनादेशाने, नाहीतर तिच्या शाखेत किंवा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. कोणा व्यक्तीच्या खात्यावर एक रुपयाही नको. दलाल आपल्या दलालीतून पैसे परत देतो म्हणाला, तर १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे तो गुन्हाच आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेव्हा त्यानंतरही तो मागणारा खोटे बोलतो, हे तिथेच ओळखावे. सत्तरी गाठलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्न कितीही असो, योजनेतल्या इस्पितळांत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, तेही हप्त्यावाचून. जे हप्त्यावाचून आहे त्याचा "हप्ता" कोणी मागत असेल, किंवा कार्डासाठी मोबाइलवर फाइल पाठवून ती उघडायला सांगत असेल, तर तो कोण हे सांगायला नको. खरी चौकशी १४५५५ वर होते. आणि खऱ्या कंपनीने गळ्यात मारलेला नवा विमा पसंत नसेल तर विमापत्र हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येतो, हे तर कितीतरी शिकलेल्यांनाही ठाऊक नसते.

खऱ्या कंपनीशी तंटा असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल आहेत; मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. वकील लागत नाही, फी लागत नाही. चोराने पैसे नेले असतील तर मात्र लोकपालांचा उपयोग नाही. तिथे तासांचा हिशेब असतो. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, म्हणजे पैसे पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी गोठवता येण्याची आशा असते. बँकेलाही त्याच घटकेला सांगावे. आणि विम्याची मुदत तपासावी, त्या तीस दिवसांतले किती उरले ते पाहावे. मग पोलीस ठाण्यात जावे लागेल. तेव्हा वडिलांबरोबर मुलाने जावे, आणि वाटेत रक्कम किती होती ते विचारू नये.