घरातले यंत्र : अपडेट आले, ‘रूट’ गेले!



उमापूरसारख्या गेवराई तालुक्यातल्या गावातही आता टॅबलेट ही नवलाई राहिलेली नाही. दोन-चार वर्षे वापरलेला टॅबलेट मंदावतो, कंपनीने घातलेले नको ते अ‍ॅप निघता निघत नाहीत, जागा पुरत नाही. मग घरातला एखादा हुशार मुलगा तो ‘रूट’ करतो. काही दिवस काम झकास चालते. एके दिवशी अपडेट येते आणि रूट जाते. असे का होते, ते आज पाहू.

रूट म्हणजे मूळ. अँड्रॉइड लिनक्सवर उभे आहे, आणि तिथे सर्वाधिकार असलेल्या कारभाऱ्याला ‘रूट’ म्हणतात. टॅबलेट आपण विकत घेतला तरी ही किल्ली कंपनी आपल्या हाती देत नाही. ती मिळवायला आधी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते. ते उघडताना आतले फोटो, कागदपत्रे सगळे पुसले जाते. पुढे ‘मॅजिस्क’सारखे साधन टॅबलेट सुरू करणाऱ्या ‘बूट’ भागात आपली दुरुस्ती बसवते. अपडेट आले की कंपनी तो भागच नवा घालते. जुन्याबरोबर आपली दुरुस्तीही जाते.

रूट टिकवायचे असेल तर हा क्रम ध्यानात ठेवा :

१. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये आपोआप होणारे अपडेट बंद करा. सातबारा, फोटो, अभ्यासाच्या नोंदी दुसरीकडे उतरवून ठेवा.

२. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक यंत्रांत प्रणालीच्या दोन जागा असतात. एक चालू असते, दुसरीत अपडेट उतरते. अशा यंत्रात आधी मॅजिस्कमधून मूळ बूट परत बसवा, पण यंत्र बंद-चालू करू नका. अपडेट उतरवून घ्या. ‘रीस्टार्ट’ दाबण्याआधी मॅजिस्कमध्ये रिकाम्या जागेत बसवण्याचा पर्याय निवडा. मगच यंत्र पुन्हा सुरू करा.

३. एकच जागा असेल तर अपडेटनंतर नेमक्या त्याच आवृत्तीची बूट फाइल मिळवून, ती मॅजिस्कने दुरुस्त करून, संगणकाच्या तारेने पुन्हा चढवावी लागते. दुसऱ्या आवृत्तीची फाइल चढवली तर यंत्र सुरूच न होण्याची भीती असते.

४. रूट असताना बूटलोडरला पुन्हा कुलूप लावू नका. यंत्र कायमचे अडकू शकते.

५. बॅटरी पुरती भरून घ्या. भारनियमनाच्या वेळी हे काम काढूच नका. मध्येच संगणक बंद पडला तर काम अर्धवट राहते.

हा खटाटोप प्रत्येक अपडेटला करावा लागतो. कंटाळून काही जण अपडेटच घेत नाहीत. ते बरे नव्हे. अपडेटमध्ये चोरवाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या असतात, आणि रूट असलेल्या यंत्रात शिरलेल्या लबाड अ‍ॅपला एकदा परवानगी मिळाली की सगळे घर मोकळे!

शिवाय बँकेचे आणि यूपीआयचे बरेच अ‍ॅप यंत्राची तपासणी करतात. कुलूप उघडे दिसले की काम नाकारतात. कापसाचे किंवा उसाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याचे अ‍ॅप ऐन वेळी उघडले नाही तर पंचाईत होते. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या माणसाला घरून पैसे पाठवायचे असले, तर ती पंचाईत दुप्पट.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. रूट करायचे तर जुन्या, स्वतःच्या आणि हमीची मुदत संपलेल्या टॅबलेटवर करा. ‘महाज्योती’सारख्या संस्थेकडून मुलीला अभ्यासासाठी मिळालेल्या टॅबलेटला हात लावू नका. आणि बँक, आधार, ई-पीक पाहणी ही कामे ज्या मोबाइलवर होतात, तो मूळ स्थितीतच असू द्या. मुलाने प्रयोग जरूर करावेत, त्यातूनच तो शिकेल. फक्त घराची तिजोरी त्या प्रयोगापासून लांब ठेवावी.