रविवारची उपासना आणि आमचा टीव्ही

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या घरी दिवेलागणीला मुलांनी देवापुढे बसून शुभंकरोति म्हणायची पद्धत होती. आता नेमक्या त्याच वेळी मुले टीव्हीपुढे असतात. रागावून बसवले, तर तोंडाने शुभंकरोति आणि डोळे पडद्याकडे! "तुमच्याकडे यावर काही उपाय आहे का?" असे त्यांनी विचारले आहे.

आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे रात्री जेवणाआधी घरातली सगळी माणसे एकत्र बसतात. एक गीत, बायबलमधला एक उतारा आणि प्रार्थना. नाव वेगळे, पण दुखणे अगदी तुमचेच. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा आमच्या घरात काय काय झाले तेच सांगते. त्यातून घेण्यासारखे असेल ते घ्या.

टीव्ही आणि उपासना यांचे भांडण आमच्याकडे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचे. सासूबाई सांगतात, १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा हे पाच वर्षांचे होते. मालिका रविवारी सकाळी साडेनऊला, आणि देवळातली उपासनाही साडेनऊलाच. हो, नगरकडचे आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, बरं का! त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसायचे. आमचीच काय ती मंडळी धुतलेले कपडे घालून, बायबल काखेत धरून निघालेली. मुलांचे पाय जड झालेले. आजेसासरे कडक, त्यामुळे घरी राहायची कुणाची छाती नव्हती.

पण सासूबाईंनी मुलांचे मन जाणले. उपासना सुटली की त्या मुलांना घेऊन शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जात आणि म्हणत, "काकू, आज काय झालं ते सांगा." काकू हातातले निवडणे बाजूला ठेवून अशा रंगून सांगत, की हे आजही म्हणतात, "मी रामायण पाहिलं नाही, ऐकलं." पुढे १९९२ च्या डिसेंबरात बायबलच्या कथांची मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा काकू आमच्याकडे येऊन बसल्या. भाग संपला की त्या शंका विचारत आणि सासूबाई बायबल उघडून उत्तरे देत. काही सापडले नाही, तर दुसऱ्या दिवशी पाळकांना विचारून येत. घरात शास्त्राचे एवढे वाचन एरवी कधी झाले नव्हते, असे त्या म्हणतात!

म्हणून टीव्ही म्हणजे सैतानाचा डबा, असे मी कधी म्हणणार नाही. आमच्या मराठी ख्रिस्ती माणसांपर्यंत प्रभूची गोष्ट नाना वाटांनी आलेली आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ती टाळ-वीणा घेऊन कीर्तनातून गेली. नारायण वामन टिळकांनी ती आपल्या मराठमोळ्या छंदांत बांधायला घेतली. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्यांचे अक्षर-शिक्षण लग्नानंतर घरीच झाले, त्या गृहिणीने! केडगावला पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले, आणि छापखान्यात आश्रमातल्या बायकाच राबल्या. माझ्या माहेरी आई 'दयासागर'ची आठवण काढते. १९७८ च्या एका तेलुगू चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती. गावात मैदानावर पडदा बांधून दाखवली, तेव्हा वधस्तंभाच्या प्रसंगाला सगळ्या जातींच्या बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या म्हणे. मग टीव्ही तेवढा वाईट का? वाट नवी म्हणून वाईट होत नाही.

एक तक्रार मात्र आहे, तीही सांगून टाकते. कथा-मालिकांतला ख्रिस्ती माणूस पाहिलात का? गळ्यात भला मोठा क्रॉस, हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी. बाई असली तर फ्रॉक घातलेली. माझ्या मुलीने एकदा विचारले, "आई, टीव्हीतले ख्रिस्ती आपल्यासारखे का नसतात?" मी तिला आजेसासूबाईंचा नऊवारीतला फोटो दाखवला, नि 'स्मृतिचित्रे' वाचायला दिले. टीव्हीवर आपण दिसलो नाही, तर आपण नाहीच, असे मुलांना वाटू लागते. त्यावर घरातले फोटो आणि घरातल्या गोष्टी हाच उपाय. हे कोणत्याही घराला लागू आहे.

आता खरी गोष्ट. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि देवळाला कुलूप लागले. आमच्या पाळकसाहेबांनी मोबाइलवरून उपासना सुरू केली, ह्यांनी ती टीव्हीला जोडून दिली. सासूबाई अंघोळ करून, इस्त्रीचे लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर बसल्या. प्रार्थनेला उभ्या राहायला सांगितले तेव्हा गुडघे दुखत असताना उभ्या राहिल्या. मी आत कुकर लावला होता. त्यांनी मागे न बघता सांगितले, "सूनबाई, गॅस बंद कर. देऊळ भरलंय." मी मुकाट्याने बंद केला. त्या वर्षीचे ईस्टर १२ एप्रिलला असेच घरात झाले. देवाची करुणा म्हणायची, त्या पडद्याने आम्हांला धीर दिला.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, सासूबाईंचे धाकटे बंधू त्या आजारात गेले. जाता येणे शक्यच नव्हते. दफनविधी भाच्याने मोबाइलवर दाखवला, तो आम्ही टीव्हीवर लावला. आमच्यात पेटी खाली उतरवल्यावर जवळची माणसे मूठमूठ माती टाकतात. ती वेळ आली आणि सासूबाईंचा हात आपोआप पुढे झाला. समोर टीव्हीची काच! तो हात तसाच मांडीवर आला. रडल्या नाहीत. संध्याकाळी एवढेच म्हणाल्या, "सगळं दिसलं गं. पण माती टाकायची राहिली."

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. तरी माणूस विसरतो, बघा.

२०२१ च्या ऑक्टोबरात देवळे पुन्हा उघडली. पण आम्हांला घरच्या उपासनेची सवय लागली होती. रविवारी उशिरा उठावे, चहाचा कप हातात घेऊन टीव्ही लावावा. हे सोफ्यावर आडवे. मुलगा मोबाइलवर खेळत. उपदेश लांबला की मुलगी म्हणे, "पुढे ढकल ना, शेवटची प्रार्थना येऊ दे." आणि मी? खोटे कशाला बोलू, मी उपदेश ऐकता ऐकता आठवड्याचे कपडे इस्त्री करून टाकी. शाळा, घर, सासूबाईंची औषधे. रविवारचे दोन तास वाचत होते, ते मला हवेच होते. कुणी विचारले तर माझे उत्तर तयार असे, "आईंना एकटं टाकून कसं जायचं? त्यांचे गुडघे चालत नाहीत ना."

एका रविवारी प्रभुभोजनाचा विधी होता. पाळकसाहेबांनी पडद्यावर भाकर मोडली. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या, आणि आम्ही... हे झोपलेले, मुलगा खेळात, माझ्या हातात इस्त्री. त्यांनी वळून आमच्याकडे पाहिले आणि टीव्ही बंद केला. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नावावर घरी राहू नका. मला जाता येत नाही म्हणून मी हे बघते. तुम्हांला जाता येतं. तुम्ही गेलात तर माझ्यासाठी काहीतरी घेऊन याल. तुम्हीही इथंच बसलात, तर मला कोण काय आणून देणार?"

मैत्रिणींनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यभर बायबलमधली मार्था आणि मरीया मुलांना शिकवली. मार्था कामात गुंतलेली, मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी. मी मार्थाची नेहमीच थोडी बाजू घेते, कारण स्वयंपाक काय आपोआप होतो? पण मार्था निदान पाहुण्यासाठी तरी राबत होती. मी इस्त्री करीत होते ती माझ्या सोयीसाठी, आणि नाव सासूबाईंचे पुढे करीत होते.

त्या रात्री आम्ही सगळे बसलो आणि मोकळेपणी बोललो. ह्यांनी विचारले, "देव काय देवळातच आहे? घरी ऐकलं तर पोचत नाही का?" प्रश्न काही चुकीचा नव्हता. पहिले ख्रिस्ती लोक तर घराघरांतच जमत. पण मुलगी म्हणाली, "बाबा, ते घरात जमत होते, पण जमत तरी होते ना! आपण एका घरात असून जमत नाही." यावर हे हसले, आणि गप्प झाले. मला सासूबाईंच्या मातीची आठवण झाली. पडदा सगळे दाखवतो. पण माती टाकायला हात लागतो, भाकर घ्यायला हात लागतो, आणि आमेन आपल्याच तोंडाने म्हणावे लागते. या तीन गोष्टी टीव्ही आपल्यासाठी करीत नाही. करतो असे वाटू लागले, की समजावे, घरातली उपासना गेली.

तेव्हापासून आमच्याकडे असे ठरले आहे. रविवारी आम्ही दोघांपैकी एक जण मुलांना घेऊन देवळात जातो. दुसरा सासूबाईंजवळ बसून टीव्हीवरची उपासना करतो. बसून, झोपून नव्हे! पाळी आलटून-पालटून. घरी आल्यावर आजी मुलांची परीक्षा घेते: शास्त्रपाठ कोणता होता, कोण आजारी आहे, कुणाला बाळ झाले. गंमत म्हणजे पाठ तिने पाहिलेला असतो, पण देवळाच्या आवारात काय झाले ते टीव्हीत कुठे दिसते? महिन्यातून एकदा पाळकसाहेब घरी येऊन तिला प्रभुभोजन देतात. त्या दिवशी मी चहाबरोबर शिरा करते.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी, आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी. धर्म कोणताही असो, उपयोगी पडतील.

१. प्रार्थनेची वेळ घड्याळावर बांधू नका, कामावर बांधा. आमच्याकडे कुकर उतरला की प्रार्थना. आठ म्हटले, की आठची मालिका आड येते. कुकर मात्र रोज उतरतोच.

२. टीव्ही आईने बंद करू नये. ते काम सगळ्यात धाकट्याला द्या. आमचा मुलगा आता ऐटीत "चला, देऊळ भरलंय" असे आजीच्याच आवाजात म्हणत बटण दाबतो.

३. प्रत्येकाला काहीतरी काम हवे. एकाने वाचायचे, एकाने गीत सुरू करायचे, एकाने प्रार्थना करायची. नुसते ऐकायला बसवले, की मुले प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षकाला जास्त चांगला खेळ शेजारच्या पडद्यावर दिसतोच. दहा मिनिटे पुरेत.

४. आधी आपली मालिका सोडा. हे लिहिताना मलाच हसू येते. मीही एका मालिकेत अशी गुंतले होते, की प्रार्थना घाईने उरकत असे. मुलांच्या ते लक्षात येते, ती फक्त बोलत नाहीत.

आणि घरात वृद्ध माणूस असेल, तर त्याला टीव्हीवरचे कीर्तन, आरती, उपासना जरूर लावून द्या. मोठा आधार असतो तो. पण लावून देऊन निघून जाऊ नका. निदान शेवटची पाच मिनिटे जवळ बसा.

बायबलमध्ये तीमथ्य नावाच्या तरुणाला पौल पत्र लिहितो, त्यात तो त्याच्या आईची नि आजीची नावे घेऊन सांगतो, की हा विश्वास आधी त्यांच्यात होता. लोईस आजी आणि युनीके आई. एवढ्या मोठ्या ग्रंथात दोन घरगुती बायकांची नावे राहिली, ती मुलाला जवळ बसवून शिकवल्यामुळे. आमच्या घरातली लोईस आजी अजून रोज रात्री चष्मा पुसून उतारा काढते. तिच्यानंतर तो चष्मा माझ्याकडे यायचा आहे, याची मला जरा धास्तीच वाटते.

तुमच्या घरी टीव्ही आणि देवपूजा यांचे कसे जमते, ते जरूर कळवा. पुढच्या खेपेला नाताळच्या फराळातले अनारसे विरघळू नयेत म्हणून सासूबाई काय करतात, ते लिहीन.