अँग ली यांच्या ‘हल्क’ची बाजू

२० जून २००३ रोजी ‘हल्क’ अमेरिकेत झळकला. पहिल्या तीन दिवसांत त्याने सुमारे ६.२ कोटी डॉलर कमावले. पुढच्या आठवड्याअखेरीस कमाई जवळजवळ ७० टक्क्यांनी कोसळली. समीक्षकांत तेव्हा एकमत नव्हते. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले होते. लोकांच्या लक्षात राहिले ते मात्र आक्षेपच: चित्रपट रेंगाळतो, हिरवा राक्षस रबरी दिसतो, पडद्यावरच्या चौकटी ही नुसती चमत्कृती आहे आणि कॉमिक्समध्ये नसलेले बापलेकाचे प्रकरण दिग्दर्शकाने उगाच घुसडले आहे.

यातला शेवटचा आक्षेप सर्वांत निराधार. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये हल्क निर्माण केला हे खरे, पण हल्कच्या कॉमिक्स मालिकेच्या १९८५ मधल्या ३१२व्या अंकात बिल मँटलो यांनी ज्याचा हल्क होतो त्या ब्रूस बॅनरच्या संतापाचे मूळ त्याच्या बालपणात, मारझोड करणाऱ्या बापाजवळ नेऊन ठेवले. पुढे पीटर डेव्हिड यांनी तोच धागा वाढवला. म्हणजे दिग्दर्शक अँग ली मूळ कथेपासून दूर गेले नाहीत. तिच्या गाभ्याला त्यांनी हात घातला. बंद दाराआड आईचे काय झाले, ही आठवण ब्रूसने मनात गाडून टाकली आहे. ती उघडेपर्यंत चित्रपट सावकाशच चालायला हवा. हल्क पाऊण तासाच्या आसपास पहिल्यांदा दिसतो, आणि म्हणूनच त्याचा राग कुठून आला हे प्रेक्षकाला तोवर उमगू लागलेले असते.

चौकटींचेही तसेच. कॉमिक्सच्या पानावर आधीचा आणि नंतरचा क्षण एकाच नजरेत येतो. ली आणि संकलक टिम स्क्वायर्स यांनी हे वाचणेच पडद्यावर आणले: एक चौकट दुसरीत सरकते, एकच हालचाल दोन बाजूंनी दिसते. टॅल्बट या पात्राचा मृत्यू पाहा. त्याने केलेला मारा उलटतो, स्फोट होतो आणि चित्र थिजते. ज्वाळांपुढे त्याची आकृती छापील चित्रासारखी उमटते. त्याआधीच्या ‘स्पायडर-मॅन’ आणि ‘एक्स-मेन’ यांनी कॉमिक्समधून कथा उचलली. पानाची मांडणी उचलण्याचे धाडस लींनी केले.

हल्कची कातडी काही ठिकाणी खोटी वाटते, हे मान्यच करायला हवे. रात्रीची कुत्र्यांशी झुंज अंधारात हरवते, आणि बापलेकांची शेवटची लढत तर धड कळतही नाही. पण वाळवंटातला भाग पाहताना कातडीचा विचार कोण करतो? हल्क रणगाडा तोफेच्या नळीला धरून गरगर फिरवतो, भिरकावतो. मग मैलोगणती उड्या मारताना वाऱ्यात डोळे मिटून घेतो. त्या क्षणी तो मोकळा, जवळजवळ सुखी आहे. हल्कच्या हालचालींसाठी सेन्सर लावलेला पोशाख घालून ली यांनी स्वतः अभिनय केला होता. त्यांची ही जवळीक त्या चेहऱ्यात दिसते.

प्रेक्षकांना फक्त हाणामारी हवी होती, असे अजूनही सांगितले जाते. तसा प्रयोगही झाला. २००८ मध्ये लुई लेटेरिए यांनी एडवर्ड नॉर्टनला घेऊन वेगवान, सरळ ‘द इन्क्रेडिबल हल्क’ काढला. लींच्या चित्रपटाची जगभरातली कमाई सुमारे २४.५ कोटी डॉलर होती, याची सुमारे २६.५ कोटी. पाच वर्षांत तिकिटे महागली, ते वेगळेच. रेंगाळणे हाच दोष असता, तर वेग आल्यावर आकडा एवढाच हलला नसता.