मोखाड्याला पत्ता आहे, हिशेब नाही

#थ्रेड

इंटरनेटच्या इतिहासावरील लोकप्रिय लेखनात दोन विधाने हमखास भेटतात. पहिले असे की, १९९० च्या दशकात इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होत होती. दुसरे असे की, आता इंटरनेट गावोगावी पोहोचले आहे. पहिले विधान खोटे ठरून दोन दशके उलटली, तरी ते अजून छापले जाते. दुसरे तपासता येईल असा आकडाच लोकांपुढे ठेवला जात नाही. दोन्ही विधानांमागची खोड एकच आहे, आणि ती समजण्यासाठी संगणकाआधी टपालाकडे जावे लागते.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. (मराठी माणसाच्या कर्तृत्वाच्या याद्यांत हे नाव क्वचितच असते.) जव्हारचा पिन ४०१६०३, मोखाड्याचा ४०१६०४. कोलकात्यात टपाल छाटणाऱ्या कर्मचाऱ्याला मोखाडा कोणत्या डोंगरात आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने ४ हा आकडा पाहून पत्र पश्चिमेकडे धाडायचे. पुढच्या टप्प्यावर कोणी ४०१ पाहील. शेवटचे तीन आकडे वाचण्याची गरज त्या मुलखात पोहोचल्यावरच पडते. लांबच्याला थोडे ठाऊक असावे आणि जवळच्याला सगळे, हेच या रचनेचे शहाणपण.

इंटरनेटला हे शहाणपण आले ते एकवीस वर्षांनी, आणि तेही गळ्याशी आल्यावर. तोवर जोडलेल्या प्रत्येक जाळ्याची स्वतंत्र ओळ राउटरच्या मार्गसूचीत ठेवावी लागे. ‘ब’ वर्गाच्या एका जाळ्यात ६५,५३६ पत्ते मावत, पण अशी जाळी अवघी १६,३८४. ‘क’ वर्गाची जाळी लाखांनी होती, पण एकेकात पत्ते फक्त २५६. मध्यम आकाराच्या विद्यापीठाला एक फार मोठे आणि दुसरे फार तोकडे. ‘ब’ वाटत राहिले तर साठा संपणार; ‘क’चे गठ्ठे वाटले तर मार्गसूची फुगून राउटरची स्मृती अपुरी पडणार. सप्टेंबर १९९३ मध्ये ‘सायडर’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत प्रसिद्ध झाली आणि हे वर्गच मोडीत निघाले. शेजारच्या पत्त्यांना समान उपसर्ग द्यायचा आणि दूरच्या राउटरने तेवढाच लक्षात ठेवायचा. म्हणजे ‘४०१’ पाहून थैली पुढे ढकलण्याचाच प्रकार. १९९४ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेल्या नोंदी आज नऊ लाखांपलीकडे गेल्या, तरी जाळे उभे आहे. एकत्रीकरण नसते तर ते केव्हाच कोसळले असते.

इथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो मोजणीपाशी.

त्या काळातील अमेरिकेचे मुख्य जाळे म्हणजे एनएसएफनेट. ते सरकारी पैशावर चाले आणि ‘मेरिट’ ही संस्था त्याचा कारभार पाही. ऑगस्ट १९८८ मध्ये त्यावरून महिन्याला १९.५ कोटी पॅकेट गेली. नोव्हेंबर १९९२ मध्ये जवळजवळ २,४०० कोटी. सव्वाशेच्या घरातील ही वाढ साधारण सात-साडेसात महिन्यांत दुप्पट होण्याच्या वेगाची आहे. मोजणीचे ओझे इतके वाढले की सप्टेंबर १९९१ पासून दर पन्नास पॅकेटांतील एकच तपासून अंदाज बांधावा लागला. तरीही हिशेब दर महिन्याला प्रसिद्ध होई. कोणत्या जाळ्यातून किती, कोणत्या देशातून किती, हे कोणालाही पाहता येई. भारत या जाळ्याला १९९० मध्ये जोडला गेला. भारतातील शैक्षणिक जाळ्याचे, एर्नेटचे, बाहेरच्या जगाकडे उघडणारे दार मुंबईत जुहूच्या एनसीएसटीत होते.

३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेट बंद झाले आणि वाहतूक खासगी कंपन्यांच्या जाळ्यांवर गेली. हिशेब मिटला तो तेव्हा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांना इंटरनेट विकायला काढले. म्हणजे भारतातील सामान्य ग्राहक आत आला तेव्हा सार्वजनिक हिशेबवही बंद होऊन साडेतीन महिने झाले होते.

रिकाम्या जागेत अफवा शिरली. ‘दर शंभर दिवसांनी दुप्पट’ हे वाक्य वर्ल्डकॉम आणि तिची उपकंपनी यूयूनेट यांच्या दाव्यांशी जोडले जाते. एप्रिल १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अहवालातच उतरले. त्याच वर्षी कॉफमन आणि ओडलिझ्को या संशोधकांनी उपलब्ध पुरावे ताडून दाखवले की, १९९५-९६ मधील अल्पकाळची उसळी वगळता वाढ वर्षाला सुमारे दुप्पट होती. दोन्हींतील अंतर हाताने गुणून पाहावे. वर्षाला दुप्पट म्हणजे तीन वर्षांत आठपट. शंभर दिवसांना दुप्पट म्हणजे तेवढ्याच काळात जवळजवळ दोन हजारपट. या दुसऱ्या गणितावर विसंबून काचतंतूंच्या तारा अंथरल्या गेल्या. जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉमने दिवाळखोरी जाहीर केली.

यावर एक ठरलेला बचाव केला जातो : अतिशयोक्ती झाली खरी, पण त्या जादा तारा पुढे जगाच्याच कामी आल्या. कोणत्या जगाच्या? तारा पडल्या त्या महानगरांदरम्यान आणि समुद्रतळाशी. फुगवलेला आकडा मुख्य जाळ्याच्या नावाने सांगितला जात होता, म्हणून पैसाही तिकडेच वाहिला. जव्हारचा घाट त्या गणितात कधीच नव्हता.

आता दुसरे विधान. भारतात ट्राय दर तिमाहीला इंटरनेट जोडण्यांचे आकडे प्रसिद्ध करते. ते दूरसंचार क्षेत्रानुसार असतात, फार तर ग्रामीण आणि शहरी असे वेगळे काढलेले. मोखाडा येतो ‘महाराष्ट्र’ क्षेत्रात. त्याच क्षेत्रात पुणे, नागपूर आणि गोवासुद्धा. ‘ग्रामीण महाराष्ट्र’ म्हटले तरी बारामतीलगतचे गाव आणि मोखाड्याचा पाडा एकाच बेरजेत पडतात. रस्ता शोधण्यासाठी जे एकत्रीकरण गुण ठरले, ते मोजणीत आणले की दोष ठरते. ४०१ या उपसर्गात भाईंदरही आहे. म्हणून मोखाड्यातील टंचाई भाईंदरच्या नळांसह सरासरी काढून कोणी सांगत नाही. इंटरनेटच्या बाबतीत नेमके तेच चालते, आणि त्याला प्रगती म्हणतात.

जव्हारला सरासरीचा हा अनुभव नवा नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होता. भिवंडीचे यंत्रमाग आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने त्याच जिल्ह्यातले. अशा जिल्ह्याच्या सरासरीत वावर-वांगणी दिसणे शक्यच नव्हते. पाड्यावर जाऊन मोजल्यावरच ती दिसली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, पण दूरसंचाराच्या बेरजेत त्याने काहीच बदलले नाही.

‘मोबाइलच्या रेंजचा एवढा बाऊ कशाला,’ असे विचारणाऱ्यांनी रोजगार हमीकडे पाहावे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने या कामांवरील हजेरी मोबाइल अ‍ॅपवरून, दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून घेणे सक्तीचे केले. रेंज नसताना छायाचित्र काढता येते. ते चढवायला मात्र रेंज लागते, आणि मजुरी त्या हजेरीवर ठरते. भातकापणीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबाला गावातच काम मिळावे, यासाठी ही योजना. त्याच कुटुंबाच्या खिशातील सिमकार्ड तिमाही बेरजेत ‘जोडणी’ म्हणून मोजले जाते. त्या जोडणीवरून त्या पाड्यात काही वाहिले का, हे बेरीज सांगत नाही. भारतनेटच्या हिशेबातील ‘सेवेसाठी सज्ज’ ग्रामपंचायतीही याच जातीच्या : तार पोहोचल्याची नोंद, वाहतुकीची नव्हे.

इतके बारीक मोजणे अशक्य आहे, ही सबब इतिहासापुढे टिकत नाही. कंपन्या एकेका टॉवरवरची वाहतूक पाहतच असतात. त्यावाचून जाळे चालवता येत नाही. १९८८ मध्ये आजच्या साध्या फोनहूनही दुबळ्या यंत्रांवर जाळ्यागणिक हिशेब ठेवला गेला आणि तो लोकांसाठी खुला होता. ट्रायने तिमाही अहवालात तालुकावार एकच रकाना वाढवावा : महिन्याला प्रत्यक्ष किती डेटा वाहिला आणि किती तास टॉवर बंद होता. जव्हार आणि मोखाडा यांच्या दोन ओळींपासून सुरुवात केली तरी चालेल.