तूर आपल्या वावरात, डाळ आफ्रिकेची

२०२५ च्या जानेवारीत नांदगाव खंडेश्वरात एका किराणा दुकानात डाळ घ्यायला गेलो होतो. गल्ल्याजवळ तूरडाळीची दोन पोती उघडी होती. एकातली डाळ ठसठशीत, पिवळीजर्द. दुसऱ्यातली बारीक, जरा फिकट, तेलाचा हात फिरवून चमकवलेली, आणि स्वस्त. कुठली म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाले, "बाहेरची हाय जी. फुटते इकडच्याच मिलात, पण तूर आफ्रिकेतली. लोकायले सस्ती पाह्यजे, तं हेच खपते." माझ्यामागं उभ्या असलेल्या बाईंनी तीच डाळ दोन किलो घेतली. त्यांच्या पदराला तुरीचं कुटार चिकटलेलं होतं. कुणाच्या तरी वावरात दिवसभर तूर सोंगून त्या परस्पर दुकानात आल्या होत्या.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या मंडळींचा सगळा रोख या बाईंवर असतो. माल घेताना देशाचा विचार करा, दिवाळीला चिनी माळा घेऊ नका, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, असं त्यांना सांगितलं जातं. सांगणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण परदेशी माल शिक्का मारून समोर येतो हे त्यांनी गृहीत धरलं आहे, आणि चूक तिथंच आहे. आपल्या ताटात येणारा बहुतेक परका माल बिननावाचा असतो. मुंबईच्या व्यापाऱ्याला मोझांबिकची गजरी, टांझानियाची अरुषा, म्यानमारची लेमन अशी तूर नावानिशी ठाऊक असते. मिलमध्ये फुटली की ती नुसती तूरडाळ होते. पाकिटावर पॅकिंगचं गाव असतं, तुरीचं नसतं. चण्याच्या बेसनात कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा दळला गेला, तर आपल्या पातोडीला ते कसं कळणार? जे ओळखताच येत नाही त्यावर बहिष्कार कसा घालायचा? आणि ओळखता आलं, तरी रोजमजुरीवर घर चालवणाऱ्या बाईनं देशासाठी किलोमागं जास्त मोजावेत, हे सांगायचा अधिकार आपल्याला आहे असं मला तरी वाटत नाही.

स्वदेशीचा निकाल गल्ल्यावर लागत नाही, बंदरावर लागतो. हे आजचं नाही. १८९६ मध्ये इंग्रज सरकारनं देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, कारण लँकेशायरच्या कापडाला इथं स्पर्धा नको होती. त्याच काळात लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या वऱ्हाडचा कापूस 'ऊमरा' म्हणून, म्हणजे उमरावतीच्या (आजच्या अमरावतीच्या) नावानं, विकला जात होता. आणि परवाचं पाहा. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी स्वदेशीची हाक दिली, दुकानांवर स्वदेशीचे फलक लावा म्हणाले, शेतकऱ्यांसाठी आपण भिंतीसारखे उभे आहोत असंही सांगितलं. चारच दिवसांनी, १९ ऑगस्टपासून, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी घरात येते ते सगळे महिने दार उघडं. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्कानं कापड उद्योग अडचणीत आला होता हे खरं आहे, त्याला हात द्यायलाच हवा होता. तो सरकारी तिजोरीतून देता आला असता. दिला कापूस उत्पादकाच्या खिशातून.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. ते म्हणतात, स्वस्त माल येतो त्यात गरिबाचंच हित आहे. शेतकरी थोडे, खाणारे जास्त. युक्तिवाद ऐकायला चोख आहे, पण तुरीच्या गेल्या दहा वर्षांनी तो खोटा पाडला आहे.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती, आठवत असेल. भाव पाहून शेतकऱ्यांनी २०१६ च्या खरिपात तूर वाढवली. देशाचं उत्पादन एका वर्षात साधारण २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेलं. कुणी व्याख्यान दिलं नव्हतं, मिशन काढलं नव्हतं; भावानं हे काम केलं. मात्र तूर पेरली जात होती त्याच जुलैत मोझांबिकशी करार झाला, दरसालच्या आयातीचा आकडा २ लाख टनांपर्यंत न्यायचा. पीक घरात आलं तेव्हा हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास बोली होती. खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता. गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, पोत्यांवर झोपून माणसं रात्री काढत होती. आयातीवर २ लाख टनांची मर्यादा आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, माल विकून झाल्यावर. त्या वर्षी हात पोळलेला माणूस पुन्हा तेवढी तूर पेरील का? उत्पादन खालीवर होत २०२२-२३ मध्ये ३३ लाख टनांच्या आसपास उतरलं. मग डाळ पुन्हा भडकली, आणि त्या भडक्याचं निमित्त करून आयात आणखी मोकळी झाली. २०२१ च्या मे महिन्यात निर्बंध उठले होते, २०२३ मध्ये १० टक्के शुल्कही गेलं. २०१७ ची स्वस्ताई २०२३ च्या महागाईत गिऱ्हाइकानं भरून दिली. त्या बाईंनीही दिली, दोन्ही वेळा. कारण त्यांची मजुरी ज्या वावरातून निघते, ते वावर तुरीच्या भावावरच चालतं.

बाहेरची तूर भरवशाची असते असंही नाही. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरात तिथल्या निर्यातदारांच्या भांडणात भारताकडे निघालेली तूर अडकून पडली होती. तिथल्या शेतकऱ्याशी माझं वैर नाही. तोही आपल्यासारखाच दोन-चार एकरांचा धनी, आणि तूर पिकवतो ती मुख्यतः आपल्याच ताटासाठी. तो फार कार्यक्षम म्हणून त्याची तूर स्वस्त, हे मात्र कुणी सांगू नये. दुसरं गिऱ्हाईक नाही म्हणून पडेल त्या भावाला तो विकतो.

जागतिक व्यापाराचे करार आडवे येतात, हीही सबब टिकत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात याच देशानं वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावलं होतं, डिसेंबरात चणा-मसुरावर ३० टक्के. मनात आलं तेव्हा जमलं.

माझं म्हणणं आयात कायमची बंद करा असं नाही. तुरी उधळतात, पाऊस दगा देतो, अशा वर्षी बाहेरून आणावीच लागेल. पण बंदरात उतरलेल्या तुरीचा भाव आपल्या हमीभावाखाली असेल, तर तेवढं शुल्क त्यावर आपोआप बसलं पाहिजे. आणि धोरण जूनमध्ये, तिफण वावरात जायच्या आधी कळलं पाहिजे. ज्या जानेवारीत मी त्या दुकानात उभा होतो, त्याच महिन्यात शुल्कमुक्त आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली गेली. हमीभाव ७,५५० होता, बोली त्याच्या खाली उतरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी ११,४४० कोटींचं मिशन आलं, चार वर्षं तूर हमीभावानं घेण्याचं वचन आलं. त्याचं मी स्वागत करतो. पण बंदराचं दार उघडं ठेवून ही खरेदी करायची, म्हणजे सरकारनं एका हातानं भाव पाडून दुसऱ्या हातानं तो सावरायचा.

पाकिटावर आणि सुट्या पोत्यावरही तूर कुठली ते लिहिलं जावं, ही माझी दुसरी मागणी. ते कळलं तर लोक आपलं घेतील, कारण आपल्या तुरीला चव आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल तयार केली, ती आज कित्येक बचत गटांकडे चालते. मागच्या हंगामात आमची दोन क्विंटल तूर अशाच एका मिलवर नेली. तूर एकदा घासून घेतली, तेल चोळून रात्रभर झाकून ठेवली, मग पाण्याचा हात देऊन अंगणात ताडपत्रीवर वाळवली. दोन दिवस ऊन खाल्लेली तूर मुठीत घेतली की खुळखुळ वाजते. मिल चालवणाऱ्या ताई त्या आवाजावरूनच सांगतात, आता फुटते म्हणून. क्विंटलमागं सत्तर किलोच्या आसपास डाळ पडली, चुरी आणि टरफल गोठ्यात गेलं. तेल-मिठाशिवाय नुसतं शिजवलेलं वरण आईनं चमच्यानं चाखलं आणि म्हणाली, "हे आपली हाय."

त्यातली वीस किलो त्याच दुकानदारांकडे ठेवायला दिली. पोत्यात त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा खोचला आणि त्यावर खडूनं लिहिलं, 'नांदगावची तूर'. भाव शेजारच्या पोत्यापेक्षा जास्तच ठेवावा लागला.